किलोभर ऊन

सांगलीत उन्हाळा आला हे गच्चीकडे बघून कळतं. जुन्या साड्या अंथरलेल्या, कोपऱ्यांवर विटा ठेवलेल्या आणि वर मिरची पसरलेली. जिन्यात पाऊल टाकलं की ठसका. एरवी दुकानात 'हे पाकीट की ते' एवढाच विचार करणारं घर मार्च ते वळीव या दिवसांत एकदम जाणकार होतं. गणपती पेठेत उभं राहून मिरची मोडून बघतं, हळकुंड वाजवून बघतं, बेदाणा मुठीत दाबून बघतं. तिन्ही परीक्षा एकाच प्रश्नाच्या: आत पाणी किती राहिलंय?

प्रश्न रास्त आहे. चार किलो द्राक्षं वाळतात तेव्हा किलोभर बेदाणा होतो. पाच किलो ओली हळद शिजवून वाळवली की किलोच्या आसपास हळकुंडं हातात येतात. बाकीचं सगळं उन्हानं नेलेलं असतं, आणि या मोसमात आपण मोल देतो ते उन्हाच्या त्या कामाचं. ज्यानं ऊन पुरतं दिलेलं नाही, तो मिरचीच्या भावानं पाणी विकत असतो.

तर आधी चटणी. इकडे चटणी म्हणजे ताटात डावीकडे वाढायची ओली चटणी नव्हे. कांदा, लसूण, खोबरं, मसाले घालून कुटलेलं वर्षाचं तिखट. तिची अर्धी अक्कल मिरची घेण्यात आहे. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी वासाला, लवंगी किंवा गुंटूर जाळाला. किलोला अर्धा किलो ब्याडगी आणि पाव-पाव किलो बाकीच्या दोन, हे प्रमाण बहुतेक जिभांना चालतं. नुसती ब्याडगी घातली तर रस्सा लालभडक दिसतो आणि चवीला मिळमिळीत निघतो. तिखटाच्या हौसेनं लवंगी वाढवली तर भलतंच होतं: चटणी जहाल म्हणून आमटीत अर्धाच चमचा पडतो, त्याबरोबर कांदा-खोबरंही अर्धंच जातं, आणि रस्सा पाणचट राहतो. 'यंदाच्या चटणीला दाटपणाच नाही' अशी तक्रार असते तिथं बहुतेक वेळा मिरचीचा हिशेब चुकलेला असतो.

मिरची हलवली की आत बियांचा खुळखुळाट आला पाहिजे. वाकवली की कटकन मोडली पाहिजे. चामड्यासारखी दुमडली तर ती ओली, मग दुकानदार काहीही सांगो. ओल्या पांढऱ्या फडक्यानं साल पुसून बघावी. मिरचीचा स्वतःचा लाल रंग पाण्यात उतरत नाही, त्यामुळे फडकं लाल झालं तर तो रंग शेतातला नाही. आणि नावावर फार जाऊ नये. संकेश्वरीला भाव चांगला असल्यामुळे तिच्या नावावर इतर बऱ्याच मिरच्या संसार करतात.

घरी आणून दोन-तीन कडक उन्हं द्यायची. खाली कापडच हवं. प्लॅस्टिकवर वाळवलेल्या मिरचीचा घाम खाली अडकतो आणि तळची बाजू चिकट राहते. देठ पहिल्या उन्हानंतर खुडावेत. ओल्या मिरचीचा देठ ओढला की सालही फाटून येते. देठ आणि ओल मिळून किलोमागे शंभरेक ग्रॅमची घट धरून चालावं. खुडायला बसण्याआधी हाताला तेल लावावं. मिरचीची आग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते; म्हणून नंतरही आधी तेल चोळायचं आणि मग साबण. नुसत्या पाण्यानं हात धुणारे रात्री डोळे चोळतात आणि मग घर जागवतात.

आता यादी. किलोभर मिरचीला धने २५० ग्रॅम, सुकं खोबरं २५०, तीळ १००, जिरे ५०, खसखस ५०, लसूण २५०, आलं १००, कांदा अर्ध्यापासून एक किलोपर्यंत, खडे मीठ २५०, हळकुंड २५, खडा हिंग २०. लवंग, दालचिनी, मिरी, मसाला वेलची, दगडफूल, शहाजिरं हे प्रत्येकी १० ग्रॅम, नागकेशर आणि तमालपत्र ५, एक जायफळ. तळायला पाव लिटरच्या आतबाहेर तेल. दुकानात 'एका किलोचा मसाला द्या' म्हटलं की खड्या मसाल्याची पुडी बांधून मिळते. ती घरी उघडून बघावी, कारण पुडीत दगडफूल सढळ हातानं पडतं आणि वेलची मोजून.

ही यादी म्हणजे कायदा नाही. घराघरांतली कलाकारी इथंच चालते, आणि प्रत्येक कलाकारीची किंमत ठरलेली आहे. धने वाढवले की रस्सा दाट होतो आणि चटणी सौम्य होते, हे सगळ्यात बिनधोक. खोबरं वाढवलं की चव लागते, पण दिवाळीच्या आत खवट वास येऊ शकतो, कारण त्यातलं तेल हवेनं बिघडतं. लवंग-दालचिनी वाढवली तर सुरुवातीला घरभर सुगंध सुटतो. मग रोजची वांग्याची भाजीसुद्धा लग्नाच्या पंगतीतल्यासारखी लागते आणि आठवड्यात कंटाळा येतो. लसूण कच्चा घातला तर वास झकास आणि टिकाऊपणा कमी. तळून घातला तर उलटं. माझं मत विचाराल तर वर्षाच्या चटणीला तळलेला, आणि महिन्याभराची वेगळी काढून तिला कच्चा. दोन बरण्यांचा पसारा होतो, पण भाकरीवर तेल घालून खायची चटणी आणि आमटीत घालायची चटणी एकच असावी हा हट्ट तरी कशाला?

सगळ्यात जास्त घात करतो कांदा. उभा पातळ चिरून दोन-तीन दिवस वाळवायचा आणि मगच तळायचा. चिरून थेट कढईत टाकला तर बाहेरून तांबूस होतो, आत मऊ राहतो. तळून कागदावर काढलेला कांदा गार झाल्यावर बोटांनी चुरला पाहिजे. डंकवाल्याला, म्हणजे यंत्राच्या मुसळांनी मसाला कुटून देणाऱ्याला, हे न बघता कळतं. डबा उघडून दोन बोटं आत घालतो आणि म्हणतो, "काकू, कांदा मऊ हाय अजून. गोळं व्हतील." ऐकावं त्याचं. त्या गोळ्यांच्या पोटातच पुढे श्रावणात बुरशी धरते. आलं आणि कोथिंबीर घालणार असाल तर तीही कुरकुरीत होईपर्यंत तळायची. मीठसुद्धा कढईत कोरडं भाजून घ्यायचं, कारण पावसाळ्यात पहिलं पाणी मीठच ओढतं.

डंकावर क्रम महत्त्वाचा. आधी मिरची, मीठ आणि हळकुंड. ती कुटून, चाळून झाली की धने-तीळ-खोबऱ्याचा भाजलेला मसाला, आणि कांदा-लसूण सर्वांत शेवटी, थोडं तिखट सोबत घेऊन. नुसता कांदा-लसूण टाकला तर उखळीच्या तळाला लगदा चिकटतो आणि मुसळ नुसतं वरखाली नाचतं. चाळणीत राहिलेला चोथा पुन्हा कुटून घ्यावा. चव त्यात पुष्कळ उरलेली असते. चक्कीवर काम लवकर होतं हे खरं, पण चक्की तापते आणि मसाल्याचा वास दळतानाच उडून जातो. डंकाशेजारच्या चार घरांना तुमच्या चटणीचा वास कमी आला, तर तो तुमच्या बरणीत आला असं समजावं.

कुटून आणलेली चटणी कोमट असते. ती तशीच बरणीत भरणं ही सगळ्यात महागाची चूक. झाकणाखाली वाफ धरते आणि पाण्याचे थेंब परत आत पडतात. आठवडाभर केलेलं उन्हाचं काम एका रात्रीत वाया. परातीत पसरून रात्रभर निवू द्यावी. चिनी मातीच्या बरणीत तळाला हिंगाचा खडा, वर चटणी दाबून दाबून, म्हणजे मधे हवा राहत नाही. वरही एक खडा आणि तोंडाला फडकं. काचेची बरणी खिडकीत ठेवली की उजेडानं रंग विटतो. रोजच्या वापराचा डबा छोटा आणि वेगळा, आणि तो उकळत्या पातेल्यावर धरून चमचा झटकायचा नाही. वाफ डब्यात शिरते, दुसऱ्या दिवशी चटणीच्या कडेला गाठ दिसते, आणि बोल लागतो डंकवाल्याला.

सांगलीच्या साठवणीचं सगळं शहाणपण पेवात आहे. हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, हळद साठवायची जमिनीतली पेवं, म्हणजे कोठारं, होती: तोंड अरुंद, पोट मोठं. तोंड बंद केलं की आत हवा खेळत नसे, कीड जगत नसे, हळद वर्षानुवर्षं टिकत असे. त्यांना भारी पडलं ते पाणीच. २००५ च्या महापुरात ते आत शिरलं. घरची बरणी म्हणजे या पेवाचंच बाळ.

हळदीचं मी थोडक्यात सांगतो. दळलेली घेण्यापेक्षा हळकुंडं घ्यावीत. दोन हळकुंडं एकमेकांवर आपटली की धातूसारखा आवाज यावा, आणि मोडल्यावर आत गर्द केशरी, चकचकीत दिसावं. बाहेरचा पिवळेपणा पॉलिशच्या ड्रममध्ये येतो, त्यावर भुलू नये. आत फिकट पट्टे असतील तर हळद शिजवताना कमी-जास्त झालेली असते. नीट शिजली की रंग आतपर्यंत सारखा पसरतो. दळायला नेण्याआधी खलबत्त्यात किंवा हातोडीनं तुकडे करावेत, नाहीतर गिरणीवाला नाही म्हणतो, आणि बरोबर म्हणतो. चौघांच्या घराला वर्षाला किलोभर पुरते, पण तीही दोनदा दळावी. 'सांगलीची हळद' हे भौगोलिक मानांकन २०१८ चं. बेदाण्याला ते त्याआधी, २०१६ मध्ये मिळालं.

बेदाण्यात उन्हाचा एक डाव आहे: त्याला ऊन दाखवायचंच नसतं. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो, तो पाणी बाहेर जाऊ देत नाही. म्हणून लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल, म्हणजे इथाईल ओलिएट, अशा द्रावणात घड दोन-चार मिनिटं बुडवतात आणि तासगाव भागातल्या शेडमध्ये जाळ्यांवर सावलीत पसरतात. वाळवतो तो गरम वारा, पंधरा-वीस दिवसांत. थेट ऊन लागलं की हिरवा बेदाणा तपकिरी होतो. मधेच अवकाळी आला की काळा. पिवळाधमक रंग गंधकाच्या धुरीचा, म्हणून नाकाला झोंबणारा वास असेल तर तो बेदाणा सोडावा. मूठ दाबून उघडली की मणी सुटे झाले पाहिजेत. घरी आणून फडताळात ठेवलात तर पावसाळ्यात तांबूस पडतो आणि वर साखर धरते. काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये हिरवा राहतो.

एवढा व्याप ज्याला जमत नाही त्यानं पाकीट घ्यावं, त्यात कमीपणा नाही. फक्त मागची बाजू वाचावी. घटक जास्त ते कमी अशा क्रमानं छापलेले असतात. मिरचीच्या पाठोपाठ मीठ आलं असेल तर तुम्ही मिठाला मसाल्याचा भाव देताय. दोन माणसांच्या घरानं २५० ग्रॅमच्या वरचं पाकीट घेऊ नये.

आणि घरची झाली असेल तर आठवडाभर तिला हात लावू नका. ताजी चटणी उग्र लागते; मीठ, तेल, कांदा एकमेकांत मुरायला तेवढे दिवस जातात. डंकावरनं आणल्या आणल्या चिमूटभर जिभेवर ठेवून 'यंदा जाळ झालीय' असं जाहीर करणारा प्रत्येक घरात एक असतो. त्याच्या हातून बरणी काढून घ्यावी.