मार्ग ठरलेला असतो, मग विमान मध्येच का वळतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हल्ली विमान कुठे आहे ते मोबाइलवर दिसतं, त्यामुळे नातेवाइकांपासून फ्लाइंग स्कूलच्या मुलांपर्यंत सगळे मला, म्हणजे वैमानिकाला, हेच विचारतात: मुंबईत उतरायचा मार्ग आधीच ठरलेला असतो ना? मग कंट्रोलरने (रेडिओवरून विमानांना सूचना देणाऱ्याने) वळवलं की तो रद्द होतो का?

ठरलेला मार्ग म्हणजे स्टार (स्टँडर्ड टर्मिनल अरायव्हल रूट). कोणत्या वेपॉइंटवरून, म्हणजे नकाशावरच्या ठरावीक बिंदूवरून, किती उंचीने, किती वेगाने यायचं हे चार्टवर छापलेलं असतं. पण मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या, 09/27 आणि 14/32, एकमेकींना छेदतात. चहूबाजूंनी येणारी विमानं एकाच रांगेत, योग्य अंतराने आणायची तर नुसता चार्ट पुरत नाही, कंट्रोलरला मध्ये पडावंच लागतं.

माझं उत्तर असं की सूचनेत जेवढं आलं, तेवढंच बदलतं. ‘वेग 210 नॉट’ (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) म्हटलं तर छापील वेग बाजूला पडतो, मार्ग आणि उंची तशीच राहते. पुढच्या एखाद्या वेपॉइंटला थेट जायला सांगितलं तर मधल्या गाळलेल्या वेपॉइंटची बंधनं सुटतात, त्यापुढची कायम राहतात.

‘हेडिंग 180’, म्हणजे नाक 180 अंशांवर, दक्षिणेकडे वळवा, असं आलं की मात्र सगळंच बदलतं. स्टार सुटतो, त्याच्यासोबत छापील उंची आणि वेगही सुटतात, आणि आता कंट्रोलर देईल तीच उंची खरी. एअरबस 320 वर हेडिंगचा नॉब फिरवून ओढला की विमान वळतं, पण जुना मार्ग स्क्रीनवर तुटक हिरव्या रेषेने दिसतच राहतो. नवशिक्याचं लक्ष तिथेच अडकतं. मुंबईच्या पूर्वेला माथेरानचा डोंगर सुमारे 800 मीटर उंच आहे. व्हेक्टर देताना, म्हणजे असं हेडिंग देऊन विमान नेताना, डोंगरापासून सुरक्षित उंची सांभाळणं ही कंट्रोलरची जबाबदारी असते, तरी मी प्रत्येक वेळी ती उंची स्वतः ताडून बघतो. यात मला जराही ढिलाई चालत नाही.

उंची कमी करत खाली येण्याचं काय? स्टार मिळाला म्हणजे खाली यायची परवानगी मिळाली असं नाही, ती वेगळी यावी लागते. आयसीएओने, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, 2016 मध्ये याची वाक्यं पक्की केली. ‘डिसेंड व्हाया स्टार’ म्हणजे छापील बंधनं पाळत खाली या. ती नको असतील तर कंट्रोलरने ‘कॅन्सल लेव्हल रिस्ट्रिक्शन्स’ (उंचीची बंधनं रद्द) असं स्पष्ट म्हणायचं. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण याआधी एकच सूचना दोन वैमानिक दोन तऱ्हांनी घेऊ शकत होते. आजही ऐकण्यात शंका आली तर मी रीडबॅकमध्येच, म्हणजे सूचना परत म्हणून दाखवतानाच, विचारून घेतो.

आणि हेडिंग देताना स्टारवर परत कुठे यायचं ते सांगितलं नसेल, तर वळता वळताच विचारतो, ‘ट्रॅक माइल्स किती?’ धावपट्टीपर्यंत उडायचे किती मैल उरलेत ते कळल्याशिवाय किती वेगाने खाली यायचं हे ठरवता येत नाही.