घर शोधताना शाळांची पारख : कासारवडवली, खारघर की ऐरोली?

मुलगी मोठ्या शिशुवर्गात गेल्यावर डोंबिवलीचे भाड्याचे घर सोडून स्वतःचे घर घेण्याचे आम्ही ठरवले. माझे कार्यालय ठाण्यात नौपाड्यात आणि पतींचे महापे येथे. हे दोन्ही प्रवास आणि खिसा यांचा विचार करता निवड कासारवडवली, खारघर आणि ऐरोली या तीन ठिकाणांवर येऊन थांबली. प्रत्येक घर दाखवताना एजंट जवळच्या नामांकित शाळांची यादीही ऐकवत असे. यादी खोटी नसे. परंतु शाळा घराजवळ असणे आणि त्या शाळेत आपल्या मुलीला प्रवेश मिळणे या दोन गोष्टी आपल्याकडे एकमेकींना बांधलेल्या नाहीत. अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या दिरांना हे पटवताना बरीच दमछाक झाली, कारण तिकडे सरकारी शाळा बहुतेक ठिकाणी घराच्या पत्त्यावरून ठरते. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांसाठी घर ते शाळा हे अंतर मोजले जाते खरे, पण त्या जागा दुर्बल आणि वंचित घटकांसाठी आहेत आणि आम्ही त्या निकषांत बसत नव्हतो. खासगी शाळेच्या उरलेल्या जागांसाठी फाटकासमोर राहणारा आणि पाच किलोमीटरवरून येणारा हे दोघेही अर्जदारच.

तेव्हा घराच्या पत्त्यातून आपल्या पदरात पडते ते दोनच : मुलीच्या जाण्यायेण्याचा वाचणारा वेळ आणि पहिल्या पसंतीच्या शाळेने नाही म्हटले तर हाताशी राहणारे पर्याय. म्हणून सर्वांत उत्तम शाळा कोणत्या परिसरात आहे हा प्रश्न आम्ही बाजूला ठेवला आणि चालत जाता येईल अशा अंतरात आपल्याला मनापासून चालतील अशा शाळा किती आहेत, हे शोधू लागलो. हा प्रश्न बदलल्यावर तिन्ही ठिकाणांचे चित्र बरेच वेगळे दिसू लागले.

माहितीची सुरुवात मी यू-डायस या शाळांच्या सरकारी माहितीसंचापासून केली. देशातील प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो, महाराष्ट्रातील क्रमांकांची सुरुवात २७ ने होते, आणि शाळेने भरलेली माहिती शिक्षण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते : माध्यम, व्यवस्थापन, विद्यार्थिसंख्या, शिक्षक, वर्गखोल्या, ग्रंथालय, मैदान. सीबीएसई शाळांच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. संलग्नता, इमारतीचे व अग्निसुरक्षेचे दाखले, शिक्षकसंख्या आणि दहावी-बारावीचे निकाल शाळेने स्वतःच्या संकेतस्थळावर जाहीर करणे मंडळाने बंधनकारक केले आहे. शिवाय महापालिकांचे शिक्षण विभाग अनधिकृत शाळांची यादी प्रसिद्ध करतात. घर आवडण्याआधी ती चाळून घ्यावी, कारण रंगीत फलक आणि इंग्रजी नाव यांवरून मान्यता ओळखता येत नाही.

या कागदपत्रांतला सर्वांत फसवा आकडा म्हणजे दहावीच्या निकालाची टक्केवारी. राज्य मंडळ, सीबीएसई आणि आयसीएसई यांचे निकाल शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही, कारण अभ्यासक्रम वेगळा, मूल्यमापन वेगळे आणि उत्तीर्ण होण्याची पातळीही वेगळी. एकाच मंडळाच्या दोन शाळांतही शंभर टक्के निकालामागे काय दडले आहे हे पाहावे लागते. माझी पद्धत साधी होती : आठवी, नववी आणि दहावीची पटसंख्या क्रमाने पाहायची. नववीत भरलेल्या तुकड्या दहावीत अचानक रोडावलेल्या दिसल्या, तर कच्ची मुले परीक्षेआधीच दुसरीकडे पाठवली जातात का, हे विचारण्याचा पालकाला पूर्ण अधिकार आहे. एका शाळेच्या कार्यालयात मी हे विचारले तेव्हा समोरच्या बाईंनी माहितीपत्रकाचे मैदानाचे पान उलगडले. मला उत्तर मिळाले असे मी समजले.

शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या प्रमाणाचेही तसेच आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी तीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक अपेक्षित आहे आणि सीबीएसईने एका तुकडीसाठी सर्वसाधारण मर्यादा चाळीस ठेवली आहे. मात्र संपूर्ण शाळेच्या सरासरीत चित्रकला, क्रीडा आणि माध्यमिक विभागाचे सगळे शिक्षक मिसळलेले असतात. म्हणून पहिलीची विद्यार्थिसंख्या भागिले पहिलीच्या तुकड्या एवढाच हिशेब मी केला आणि पुढचा प्रश्न तोंडी विचारला : गेल्या वर्षी पहिलीला असलेल्या वर्गशिक्षिकांपैकी यंदा शाळेत किती जणी आहेत? ज्या शाळेत दर जूनला नवे चेहरे येतात तेथे शुल्क कितीही असले, तरी शिक्षकांना मिळणारा पगार कमी असणार, असा माझा तर्क होता.

कागदाबाहेरची माहिती मला शिकवणी घेणाऱ्या बाईंकडून मिळाली, आणि ती सर्वांत मोलाची ठरली. प्रत्येक परिसरात अशा दोन-तीन बाई असतात. कोणत्या शाळेची मुले दुसरीपासूनच त्यांच्याकडे येतात आणि कोणत्या शाळेची आठवीपर्यंत फारशी येत नाहीत, हे त्या विचारताक्षणी सांगतात. ज्या शाळेच्या प्रवेशासाठी लोक ओळखी शोधत होते, तिचीच सात वर्षांची मुले संध्याकाळी शिकवणीला बसलेली दिसली, तेव्हा त्या शाळेचे नाव आमच्या यादीत बरेच खाली सरकले. जेथे ओळख निघाली तेथे मी मुलांच्या वर्गपाठाच्या वह्याही मागून पाहिल्या. वर्गातल्या दोन मुलांच्या वहीत "माझा आवडता सण" या विषयावर शब्दन् शब्द सारख्याच दहा ओळी असतील, तर निबंध फळ्यावरून उतरवून घेतलेला आहे, हे समजण्यासाठी शिक्षणतज्ज्ञ असण्याची गरज नाही.

कासारवडवलीचे घर तिघांत मोठे होते आणि गच्चीतून येऊरचे डोंगर दिसत होते. तेथे अडचण शाळांच्या दर्जाची नव्हती, रस्त्याची होती. घोडबंदर रस्त्यावर गुजरातकडे जाणारी अवजड वाहने, मेट्रो ४ चे काम आणि एकामागून एक उभी राहिलेली संकुले यांची गर्दी एकाच वेळी असते. शाळा नकाशावर तीन किलोमीटर असली, तरी बस मुलांना गोळा करत वळसे घेत जाते. महाराष्ट्रात स्कूल बससाठी २०११ पासून स्वतंत्र नियम आहेत आणि प्रत्येक शाळेत परिवहन समिती अपेक्षित आहे. त्या नियमांनी बस सुरक्षित होते, कोंडी सुटत नाही. राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे सांगितले असले, तरी दोन सत्रांत चालणाऱ्या शाळांना ते जड जाते, त्यामुळे वेळ प्रत्यक्ष विचारूनच घ्यावी. त्या संकुलाच्या माहितीपत्रकात "प्रस्तावित शाळा" असा एक हिरवा चौकोनही होता. महारेरा या गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्य प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची कागदपत्रे पाहता येतात. ती पाहिल्यावर तेथे केवळ भूखंड राखीव असल्याचे कळले. आरक्षण म्हणजे शाळा नव्हे, आणि शाळा झाली तरी पहिल्या काही वर्षांत तिच्याबद्दल पारखण्यासारखे काही नसते.

खारघर प्रशस्त आहे आणि तेथे शाळाही पुष्कळ आहेत, परंतु नौपाड्यापर्यंतचा माझा रोजचा प्रवास पाहता तो विषय लवकर मिटला.

ऐरोलीचे घर सर्वांत जुने आणि सर्वांत लहान. मात्र सिडकोने नवी मुंबईची आखणी करतानाच नोडमध्ये, म्हणजे शहराच्या प्रत्येक उपनगरी भागात, शाळा, मैदान आणि बाजार यांसाठी भूखंड ठेवले, त्याचा फायदा तेथे चालताना जाणवतो. आम्ही पाहिलेल्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरात राज्य मंडळाच्या मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या, तसेच सीबीएसईच्या मिळून चार शाळा आमच्या कसोट्यांना उतरल्या, आणि त्यांपैकी एकीकडे जाताना मोठा रस्ता ओलांडावा लागत नव्हता. कासारवडवलीत अशी एकच शाळा होती. तेथे प्रवेश हुकला असता, तर घर तेच ठेवून मुलीला बसमध्ये बसवणे एवढाच मार्ग उरला असता.

प्रवेशाचे काम ऐरोलीच्या घराच्या व्यवहारासोबतच चालू होते. बऱ्याच खासगी शाळा पुढच्या वर्षाचे अर्ज दिवाळीच्या आसपासच घेऊ लागतात, सीबीएसईचे वर्ष एप्रिलमध्ये आणि राज्य मंडळाचे जूनमध्ये सुरू होते, आणि घराची नोंदणी मात्र बँकेच्या गतीने होते. पत्त्याचा पुरावा मागितला तेव्हा आम्ही नोंदणीकृत करारनामा मिळेपर्यंत विसाराची पावती दाखवली. एका शाळेने ती चालवून घेतली, दुसरीने नाही. वयाची अट आधीच तपासलेली बरी : राज्याच्या नियमानुसार पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण व्हावी लागतात, आणि आमच्या मुलीचा जन्म डिसेंबरचा असल्याने ती जेमतेम बसत होती. प्रवेशासाठी मुलांची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घेण्यास शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ने मनाई केली आहे. एका शाळेने तिला "संवाद" म्हणून बोलावून आम्हालाच आमच्या पदव्या विचारल्या. आम्ही सांगितल्या, आणि ती शाळा यादीतून काढली. शुल्काबाबत मी फक्त एवढे विचारले की पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने मान्य केलेले शुल्क किती, कारण २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार असे ठरलेले शुल्क दोन वर्षे बदलता येत नाही.

आमची पहिली पसंती असलेल्या सीबीएसई शाळेने मुलीचे नाव प्रतीक्षा यादीत ठेवले. दुसरी पसंती घरापासून दोन गल्ल्यांवरची मराठी माध्यमाची, गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवणारी सेमी-इंग्रजी शाळा होती. तिची पहिलीची तुकडी लहान होती, शिक्षिका जुन्या होत्या आणि शिकवणीच्या बाईंकडे तिथली मुले क्वचितच जात. सासूबाईंना माध्यमाचा आनंद झाला, पतींना धाकधूक होती. जुलैमध्ये सीबीएसई शाळेतून जागा रिकामी झाल्याचा फोन आला. तोपर्यंत मुलगी वर्गात रुळली होती, शाळेला पायी जात होती, आणि त्या जागेसाठी शुल्क भरण्याची मुदत संपण्याआधीच आम्ही नकार कळवला.