उंबऱ्याशी अडलेला गुंड्या

दिवाळीत भावाने आमच्याकडे तो चपटा, गोल, जमिनीवरून फिरत झाडणारा रोबो पाठवला. आईंचं (म्हणजे माझ्या सासूबाईंचं) गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, मावशी गावाला गेलेल्या, त्यामुळे तो अगदी वेळेवर आला. लेकाने त्याचं नाव ठेवलं गुंड्या. गुंड्या हॉल झकास झाडतो, सोफ्याखालून चार वर्षांपूर्वीचा चेंडूही काढला त्याने, पण आमची बिल्डिंग जुनी, स्वयंपाकघराला चांगला अडीच इंचाचा उंबरा आहे आणि तिथे आला की साहेबांचं सगळं शहाणपण संपतं. धडक मारतो, मागे जातो, जरा वळतो, परत धडक. तीन-चारदा हे झालं की केविलवाणं टूं-टूं करून बसून राहतो, मग त्याला उचलून आत ठेवायला मी आहेच.

त्याच उंबऱ्याशी, साधारण त्याच वेळेला, आई वॉकर धरून उभ्या असायच्या. फिजिओथेरपीवाली मुलगी रोज येऊन घोकून घ्यायची, आजी, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. आई ते रामरक्षेसारखं पुटपुटत पाय उचलायच्या. एकदा खाली गुंड्याचं टूं-टूं चालू, वर आईंचं पुटपुटणं चालू, आणि आई मधेच थांबून म्हणाल्या, "अगं, एवढी अक्कल दिलीये मेल्याला, दोन पाय द्यायला काय झालं होतं?"

आता हा प्रश्न डोक्यात शिरला की झोप कुठली. रात्री मोबाइल घेऊन बसले ते दीड वाजेपर्यंत पायवाल्या रोबोंचे व्हिडिओ बघत होते. माझी आपली समजूत अशी की आधी चार पायांचा रोबो केला असेल, तो सोपा, टेबलासारखा उभा तरी राहतो, मग हळूहळू पाय कमी केले असतील. तर सगळ्यांनी तसं केलं नाही. मार्क रायबर्ट नावाच्या माणसाने १९८० साली अमेरिकेत पिट्सबर्गला कार्नेगी मेलन विद्यापीठात लेग लॅब, म्हणजे पायांची प्रयोगशाळा, काढली आणि तिथे जे यंत्र केलं त्याला पाय होता एकच. ते लंगडी घालायचं! अक्षरशः टुणूक टुणूक.

लंगडी खेळलेल्या माणसाला त्यातली मेख लगेच कळेल. एका पायावर गप्प उभं राहून बघा, दहा सेकंदात डुगडुगायला होतं, पण तोच पाय उड्या मारत राहिला की अख्ख्या मैदानभर गडी पकडत फिरता येतं. कारण प्रत्येक उडीला पाय नव्या जागी टाकता येतो ना. रायबर्टच्या यंत्रात हेच होतं, उडी किती उंच, अंग सरळ आहे का, आणि पुढची उडी कुठे टेकवायची, एवढ्या तीन गोष्टी सांभाळायच्या. पाय जरा पुढे टाकला की वेग कमी, जरा मागे ठेवला की वेग वाढतो. म्हणजे चालणं म्हणजे सारखं पडत राहायचं आणि दर वेळी पडायच्या आधी पाय नीट टाकायचा. नंतर त्यांनी चार पायांचं यंत्र केलं तेव्हा हीच लंगडी वापरली, समोरचा उजवा आणि मागचा डावा पाय जोडीने उचलायचा, जणू दोघांचा मिळून एकच पाय, मग दुसरी तिरकी जोडी. दुडक्या चालीने जाणारं घोडं म्हणजे दोन लंगड्या आळीपाळीने, हे कळल्यापासून मला रस्त्यावरचा कुत्रासुद्धा वेगळाच दिसायला लागलाय.

त्याच्याही आधी, साठच्या दशकाच्या शेवटी, जनरल इलेक्ट्रिकने चार पायांचा एक अवाढव्य ट्रक केला होता. त्यात ड्रायव्हर आत बसायचा, पुढचे दोन पाय स्वतःच्या हातांनी हलवायचा आणि मागचे दोन स्वतःच्या पायांनी. थोड्याच वेळात बिचाऱ्याचा पिट्टा पडायचा. चार पाय एकदम सांभाळणं हे घोड्याला, गाढवाला, आमच्या गल्लीतल्या तीन पायांवर पळणाऱ्या काळू कुत्र्यालाही जमतं आणि शिकलेल्या इंजिनिअरला घाम फुटतो, यात मला उगाचच आनंद झाला.

पुढे रायबर्टने १९९२ मध्ये बोस्टन डायनॅमिक्स ही रोबो बनवणारी कंपनी काढली आणि २००५ मध्ये त्यांचा बिगडॉग आला, अमेरिकन लष्कराच्या पैशावर, ओझं वाहायला. त्याचा तो प्रसिद्ध व्हिडिओ मी आईंना दाखवला. एक माणूस येऊन त्याला कडेने सण्णकन लाथ मारतो, तो धडपडतो, चारही पाय वेडेवाकडे टाकत सावरतो, मग बर्फावर घसरतो तेव्हा तर पाय असे फाकतात की आईंच्या तोंडून "अगंबाई" निघालं. "लाथ कशाला मारतो मेला?" मी म्हटलं आई, ते यंत्र आहे, तोल सांभाळतं का बघतायत. "मग हळू ढकलायचं ना!" हे मात्र खरं आहे, डोकं नाही, डोळे नाहीत, नुसतं धूड आणि चार पाय, तरी जीव कळवळतो. मला वाटतं ते धडपडणं आपल्या ओळखीचं असतं म्हणून.

पण त्या यांत्रिक खेचराचं लष्करात काही जमलं नाही. पुढचं मोठं मॉडेल अमेरिकन मरीन्सनी वापरून पाहिलं आणि २०१५ च्या शेवटी नको म्हणाले, कारण इंजिनाचा आवाज! शत्रूला मैलभर आधी कळणार, आले बघा. मग त्याच कंपनीचा स्पॉट नावाचा, बॅटरीवर चालणारा चार पायांचा रोबो आला. साधारण ३२ किलो वजन, पाठीवर १४ किलो ओझं, एका चार्जिंगवर दीडेक तास. त्याला अणुभट्टीचा स्फोट झालेल्या चेर्नोबिलला किरणोत्सर्ग मोजायला नेलं, इटलीतल्या पॉम्पेई या प्राचीन शहरात चोरांनी खणलेल्या भुयारांत पाठवलं, हे ऐकायला भारी वाटतं, पण त्याचं रोजचं काम म्हणजे कारखान्यात राउंड मारायची, मीटरचे काटे बघायचे, कुठली मोटर तापलीये का, कुठून गळतंय का. थोडक्यात वॉचमनकाकांची ड्यूटी. चाकाचा रोबो तिथे का चालत नाही, तर कारखाने, बोटी, बोगदे सगळे माणसाच्या पायांसाठी बांधलेत, जिथे तिथे लोखंडी जिने आणि उंबरे.

आणि जिन्याची एक गंमत. स्पॉट जिना चढतो सरळ तोंडाने, पण उतरवताना त्याला उलटा उतरवतात, तोंड वर आणि पार्श्वभाग खाली, रांगतं बाळ पलंगावरून उतरतं तसा. आईंना हे भयंकर आवडलं. "बघ, त्यालाही चढायचा नियम वेगळा आणि उतरायचा वेगळा."

आपल्याकडेही आलेत हे. १५ जानेवारी २०२५ ला आर्मी डे परेड पुण्यात खडकीला झाली, तिथे जवानांबरोबर रोबो खेचरंही चालली, आम्ही टीव्हीवर पाहिली होती. त्याच वर्षी आयपीएलमध्ये एक रोबो कुत्रा कॅमेरा घेऊन खेळाडूंच्या मागे पळत होता, लोकांनी मतं देऊन त्याचं नाव चंपक ठेवलं आणि त्यावरून लहान मुलांच्या चंपक मासिकवाल्यांनी थेट दिल्ली हायकोर्ट गाठलं. गुंड्यावर अजून कुणी हक्क सांगितलेला नाही.

सगळ्यात जास्त मला पटलं ते झुरळ. हो, झुरळच. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात रॉबर्ट फुल नावाचे प्राध्यापक वर्षानुवर्षं झुरळं पळवून बघतायत. त्याचे सहा पाय तीन-तीनच्या गटाने पडतात, म्हणजे बहुतेक वेळ एक तिवई जमिनीवर असतेच, तोल सहसा जात नाही. त्यावरून ऱ्हेक्स नावाचा सहा पायांचा रोबो निघाला, प्रत्येक पायाला एकच मोटर आणि पाय अर्धगोल वाकवलेले, ते गरगर फिरवत तो दगडधोंड्यांवरून जातो. मग २०१६ मध्ये फुल आणि कौशिक जयराम यांनी दाखवलं की झुरळ तीन मिलिमीटरच्या फटीतून अंग चेपून पार होतं आणि त्या दाबलेल्या अवस्थेतही पळतं. तसाच चेपणारा छोटा रोबो त्यांनी केला, पडलेल्या इमारतींच्या ढिगाऱ्यात माणसं शोधायला असे उपयोगी पडावेत म्हणून. आता रात्री ओट्यावर झुरळ दिसलं की माझी चप्पल एक क्षण हवेतच थांबते, त्याचे पाय बघायला, आणि तेवढ्यात ते सिलेंडरमागे पसार.

आई आता वॉकरशिवाय उंबरा ओलांडतात, काठी नुसती सोबतीला. गुंड्याला काही पाय फुटले नाहीत, म्हणून शेवटी मी सुताराला बोलावलं, म्हटलं इथे दोन्ही बाजूंनी उतार करून द्या लाकडाचा, छोटासाच. त्याने टेपने माप घेतलं, पेन्सिल कानाला लावली आणि हॉलमध्ये बसलेल्या आईंकडे बघून हळूच म्हणाला, "आजींसाठी ना? चांगलं केलंत वहिनी, म्हाताऱ्या माणसाची काळजी घ्यायला पाहिजे."

गुंड्या तेव्हा चार्जिंगला होता. मी म्हटलं, "हो ना."

हॉलमधून आई खो-खो हसल्या.