आमची वाटचाल : कारखान्यातील वायरलेसचा व्यवसाय

नव्वदच्या दशकात भोसरीतील एका भाड्याच्या गाळ्यात आम्ही कारखान्यांना वॉकीटॉकी आणि त्यांचा क्षीण सिग्नल उचलून जोराने पुढे पाठवणारे रिपीटर बसवून देण्याचे काम सुरू केले. पहिल्या मोठ्या बिलाच्या पैशातून घेतलेला बर्ड कंपनीचा 43 क्रमांकाचा वॉटमीटर, म्हणजे रेडिओची शक्ती मोजणारे यंत्र, आजही आमच्या टेबलावर आहे. त्यात बसणारे एलिमेंट (मोजणारा गोल भाग) उलटे फिरवले की अँटेनाकडे गेलेल्या शक्तीपैकी किती परत येते, ते काटा लगेच सांगतो. कोकणातल्या एका पावसाळ्यात केबलच्या जोडात पाणी शिरले की हाच काटा आधी बोलतो, तक्रार नंतर येते.

त्यानंतरची बरीच वर्षे सुरळीत गेली. आमच्या मुळावर आली ती परवान्याविना सेट विकणारी एक पेढी. 1933 च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यानुसार परवान्याशिवाय सेट बाळगता येत नसे, म्हणून आमच्या दरपत्रकात जागेची पाहणी, फ्रिक्वेन्सीसाठी दिल्लीच्या डब्ल्यूपीसी या फ्रिक्वेन्सी वाटून देणाऱ्या सरकारी विभागाकडचा पाठपुरावा आणि एकाच अँटेनावर पाठवणे आणि ऐकणे वेगळे ठेवणाऱ्या डुप्लेक्सरचे ट्यूनिंग हे सारे असे. त्यांच्या दरपत्रकात फक्त सेटची संख्या असे आणि रक्कम आमच्यापेक्षा निम्म्याहून कमी. खरेदी विभागाला दोन्ही कागद सारखेच दिसत. तळोजा, रसायनी, कुरकुंभ येथील शटडाऊनच्या, म्हणजे देखभालीसाठी कारखाना बंद असतानाच्या, काळात सेट भाड्याने देण्याची कामे एकामागून एक गेली, जुनी बिले अडकली आणि गाळ्यासाठी घरचे दागिने गहाण ठेवावे लागले. आम्ही महाग आहोत, असे तेव्हा उघडपणे सांगितले गेले; ते शब्द मला आजही बोचतात.

त्या काळात लोटे-परशुराम येथील एका रसायन कारखान्याचे मेंटेनन्सप्रमुख आमच्या पाठीशी उभे राहिले. वरिष्ठांच्या आग्रहामुळे एका शटडाऊनला त्यांना ते स्वस्त सेट घ्यावे लागले होते. हीट एक्स्चेंजर क्रेनवर उचललेला असताना सिग्नलमनने ‘थांबा’ म्हटले, आणि नेमक्या त्याच क्षणी शेजारच्या कारखान्याच्या गेटवरील बोलणे क्रेन ऑपरेटरच्या कानी पडले. असल्या सेटच्या एफएम पद्धतीत दोन लहरी एकाच फ्रिक्वेन्सीवर आल्या की रिसीव्हर प्रबळ लहर उचलतो आणि दुर्बळ लहर जवळजवळ नाहीशी होते. बोलणाऱ्याला मात्र आपला आवाज पोहोचला असेच वाटत राहते. सुदैवाने ऑपरेटरने हाताची खूण पाहिली. साहेबांनी त्याच संध्याकाळी आम्हाला फोन केला, सगळे सेट परत पाठवले आणि नंतर ओळखीच्या प्रत्येक कारखान्यात आमचे नाव सांगितले. आमची पेढी त्या शब्दावर तगली.

डीएमआर ही डिजिटल पद्धत आल्यावर साडेबारा किलोहर्ट्झच्या एकाच चॅनेलवर दोन स्वतंत्र संभाषणे चालू लागली आणि क्रेनला स्वतःचा स्लॉट, म्हणजे चॅनेलवरील वेळेचा वेगळा हिस्सा, देता आला. 2018 मध्ये 446 मेगाहर्ट्झचा छोटा पट्टा कमी शक्तीच्या सेटसाठी परवानामुक्त झाला; हॉटेलच्या वाहनतळाला तो पुरेसा आहे, पण लोखंडी चौकटींच्या जंगलात रिअ‍ॅक्टरच्या मजल्यावरून कंट्रोल रूम गाठण्यासाठी रिपीटर हवाच. 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकीच्या ऑनलाइन विक्रीवर मार्गदर्शक तत्त्वे काढली. जे आम्ही वर्षानुवर्षे ओरडून सांगत होतो ते अखेर कागदावर आले, मात्र गेलेली कामे त्याने परत आली नाहीत.

या धंद्यात येणाऱ्या तरुणांना आणि सेट वापरणाऱ्यांनाही सांगतो. बटण दाबल्याबरोबर बोलू नका, क्षणभर थांबा, नाहीतर पहिला शब्द तुटतो आणि तो बहुधा ‘नको’ असतो. उचलण्याच्या कामात आदेश मिळाला की तो जसाच्या तसा परत म्हणून दाखवण्याची शिस्त लावा. सॉल्व्हंटच्या विभागात, जिथे ठिणगीने वाफ पेटू शकते, तिथे त्यासाठी प्रमाणित सेटच वापरा, त्याला दुसरी कुठली बॅटरी लावू नका आणि बॅटरी त्या विभागात काढूही नका. मे संपण्यापूर्वी अँटेनाचा प्रत्येक जोड उघडून तपासा, त्यावर पाणी रोखणारी नवी व्हल्कनायझिंग टेप गुंडाळा आणि परतणाऱ्या शक्तीचा आकडा तारखेसह वहीत लिहून ठेवा.