सिम्युलेटर आहे, चावी नाही

फेलोशिपच्या परीक्षेआधी लॅपरोस्कोपीचा, म्हणजे दुर्बिणीतून करायच्या ऑपरेशनचा, हात बसवायचा होता. फॉर्म, फी, ऑनलाइन लेक्चरं यांत काहीच अडलं नाही. अडलं ते खोलीच्या दारात.

सरावासाठी आम्हाला सोलापुरातली जी स्किल लॅब सांगितली होती, तिथे बॉक्स ट्रेनर, म्हणजे सरावाची पेटी, होता आणि पडद्यावर आभासी ऑपरेशन करायचा व्हीआर सिम्युलेटरही. दोन्हींवर प्लॅस्टिकचं आवरण, चावी स्टोअरच्या क्लार्ककडे. "चावी हाय की डॉक्टर, पण मशीन डेड स्टॉकला, म्हंजे कायमच्या सामानाच्या रजिस्टरला, चढलंय. मोडलं तर भरून कोण देणार?" विभागप्रमुखांचं पत्र आणा म्हणाले. आणलं, तर त्यावर जावक क्रमांक नाही. क्रमांक घालून आणला, तर सही करणारे सर रजेवर आणि प्रभारी म्हणतात, माझ्या अखत्यारीत येत नाही. सही मिळाली, तर मशीनचा एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार, संपलेला. कंपनीचा माणूस येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

अहो, पण बॉक्स ट्रेनरला कसला एएमसी? एक पेटी, आत कॅमेरा आणि दिवा, वर हत्यारं घालायला भोकं! क्लार्क शांतपणे म्हणाले, "दोन्ही एकाच बिलावर आलंय ना."

त्यात लॅबची वेळ सकाळी दहा ते पाच. ज्यांच्यासाठी लॅब उभारली, ते त्या वेळात ओपीडीत नाहीतर ऑपरेशन थिएटरात, म्हणजे ओटीत. डॉ. तेहेम्टन उडवाडियांनी मुंबईच्या जे.जे.मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढलं ते 1990 साली. आज जिल्ह्याच्या गावीही ते रोजचं ऑपरेशन आहे, आणि आम्ही मात्र आवरणाखालच्या मशीनकडे काचेतून बघतोय.

शेवटी चिडून घरीच पेटी केली. झाकणाचा प्लॅस्टिकचा क्रेट, एलईडी पट्टी, वेबकॅम आणि ओटीतून बाद झालेले ग्रास्पर (पकडायचे चिमटे), नीडल होल्डर (सुई धरायचे चिमटे). वेबकॅम स्वस्तातला घ्या, पण चित्र उशिरा उमटणारा नको; हात आधी आणि पडदा मागून आला की सगळंच बिनसतं. दोन हत्यारांमध्ये साधारण 60 अंशांचा कोन पडेल अशी भोकं पाडा. बाद हत्यारांवर रंगाची खूण करा, नाहीतर सिस्टर ती परत ट्रेमध्ये लावतील.

सुरुवात पेग ट्रान्सफरने. सहा रबरी तुकडे एका हाताने उचलायचे, हवेतच दुसऱ्या हातात द्यायचे, पलीकडच्या खुंट्यांवर बसवायचे आणि मग सगळे परत आणायचे. एफएलएस या अमेरिकन परीक्षेत त्याला 300 सेकंद असतात. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण पोर्टपाशी, म्हणजे हत्यार आत जातं त्या भोकापाशी, ते तरफेसारखं फिरतं. हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जातं. शिवाय पडद्यावर काय किती खोल आहे ते कळत नाही. मग गॉजवर काढलेलं वर्तुळ रेषेवरून कापायचं, लूप, म्हणजे दोऱ्याचा तयार फास, टाकायचा, आणि शेवटी गाठी: एक बाहेर बांधून आत सरकवायची, एक आतच बांधायची.

आतल्या गाठीनेच मला रडवलं. पहिला वेढा दुहेरी, पुढचे दोन एकेरी, दर वेढ्याला हात बदलायचा. दोरा लांब ठेवलात तर त्यातच गुंताल. एफएलएसमध्ये तो 15 सेंटीमीटरचा असतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या मित्राने टेरी टॉवेलची कात्रणं दिली. त्यांच्या एकेका फाशातून सुई काढायचा सराव मला टाके शिकायच्या विकतच्या पॅडपेक्षा जास्त उपयोगी पडला.

यथावकाश कंपनीचा माणूस आला, प्लग बदलून गेला. लॅब उघडली. व्हीआर चांगलं आहे, हत्याराचं टोक किती भटकलं तेसुद्धा मोजून दाखवतं. पण दोरा ओढल्यावर हाताला जो ताण जाणवतो, तो मला माझ्या क्रेटमध्येच मिळाला.

तुम्हाला लॅब हवीच असेल, तर बॉक्स ट्रेनर आणि व्हीआर यांचे अर्ज वेगवेगळे द्या, वेळ संध्याकाळी पाचनंतरची मागा, आणि दोन्हींची पोच शिक्क्यासह घ्या.