चिमीची प्लेट आणि सहा दिवसांची वाट

आमच्या कुत्रीचं, चिमीचं, पायाचं ऑपरेशन दीड तासात झालं. मोडलेलं हाड स्क्रूने जोडून ठेवणारी धातूची प्लेट यायला सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

आमची चिमी पॉमेरेनियन, तीन किलोची. दिवाणावरून उडी मारली आणि पुढचा उजवा पाय मनगटाच्या जरा वर मोडला, दोन्ही हाडं. साताऱ्यातल्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून स्पष्ट सांगितलं, "एवढ्याशा कुत्र्याला या जागी नुसतं प्लास्टर घालू नका. इथे मांस नसतं, रक्तपुरवठा कमी असतो, हाड जुळायचं राहतं. प्लेट-स्क्रूच लागतील." पाय हलू नये म्हणून स्प्लिंट (आधाराची पट्टी) बांधून दुसऱ्या दिवशी आम्ही पुण्याला सर्जनकडे पोचलो.

सर्जननी एक्स-रेवर हाड मोजलं. जेमतेम साडेपाच मिलिमीटर जाड. 2.0 ची, म्हणजे 2 मिलिमीटर जाडीचे स्क्रू बसणारी, इंग्रजी T च्या आकाराची टी-प्लेट ठरली, कारण खालचा तुकडा फारच आखूड होता. सरळ प्लेटमधून त्यात एखादाच स्क्रू गेला असता, टीच्या आडव्या दांडीत दोन शेजारीशेजारी बसतात. ती साइज त्यांच्याकडे नव्हती. सप्लायरला फोन गेला. "उद्या येतेय."

उद्या आली नाही. परवा म्हणे मुंबईहून निघाली. चौथ्या दिवशी पार्सल आलं, आत 2.7 ची प्लेट. मी डॉक्टरांना विचारलं, एवढ्याशा फरकाने काय होतं? त्यांनी कागदावर काढून दाखवलं. स्क्रूची जाडी हाडाच्या जाडीच्या 40 टक्क्यांच्या आत हवी, म्हणजे चिमीला फार तर 2.2 मिलिमीटर. त्याहून मोठं भोक पाडलं तर हाड पुढे त्या भोकातूनच मोडतं. मी सप्लायरला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, सगळे हीच वापरतात, डॉक्टरांना सांगा ना." वर म्हणे सुटी प्लेट मिळत नाही, अख्खा सेट घ्या. मग रविवार, दुकान बंद.

इकडे पायाचे स्नायू आखडत होते. मोडलेली टोकं एकमेकांवर चढतात आणि दिवसागणिक सरळ बसवायला अवघड जातात, हे कळल्यावर मला झोप लागेना. रात्री तिच्या पिंजऱ्याजवळच अंथरूण टाकलं. बँडेजमधून मधली दोन बोटं उघडी ठेवलेली असतात, ती दर दोन-तीन तासांनी बघायची. फाकली, सुजली किंवा गार लागली तर बँडेज आवळलंय, लगेच डॉक्टरांकडे. आणि दुखतंय म्हणून घरातली आयब्युप्रोफेन अजिबात देऊ नका, कुत्र्यांना ती विषारी आहे.

सहाव्या दिवशी सर्जननी माणसांच्या हाताची ऑपरेशनं करणाऱ्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. माणसाच्या बोटांच्या हाडांना याच मापाच्या प्लेटा लागतात. दुपारी हातात आली, त्याच शहरातून! पहिल्याच दिवशी हा फोन झाला असता तर? म्हणून पहिल्या भेटीतच विचारा: या मापाची प्लेट तुमच्याकडे आहे का? नसेल तर कुठून, कधी येणार आणि नाही आली तर दुसरीकडे कुठे? माप कागदावर लिहून घ्या, म्हणजे पार्सल आल्या आल्या तुम्हालाही ताडून बघता येतं.

एक राहिलंच. एक्स-रे समोरून आणि बाजूने असे दोन हवेत, वरचा आणि खालचा सांधा दिसेल असे. आमच्या पहिल्यात कोपर आलं नव्हतं, पुन्हा काढावा लागला.

नंतरचे सहा आठवडे पिंजऱ्यात विश्रांती, बाहेर फक्त शी-शूसाठी, तेही पट्टा लावून. तिसऱ्या आठवड्यात ती पाय टेकून उभी राहिली आणि मला रडू आलं. सहाव्या आठवड्याच्या एक्स-रेत फट भरलेली दिसली. वर तीन, खाली दोन, पाचही स्क्रू जागच्या जागी. मी दोनदा मोजले.

दिवाण मामांकडे दिला. गादी आता जमिनीवरच असते.