टाकी घासली, मासे गेले

दर रविवारी मी टाकी लख्ख करायचो. मासे बादलीत काढायचे, सगळं पाणी ओतून द्यायचं, वाळू चोळून धुवायची, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून स्वच्छ करायचा. आई म्हणायची, "स्वतःचं ताट कधी इतकं घासलं नाहीस." आणि बुधवार-गुरुवारी एखादा मासा वर येऊन तोंड उघडझाप करायला लागायचा. विश्रामबागेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये दोन फुटी टाकीत पाच गोल्डफिश होते. दीड महिन्यात दोनच उरले.

आधी नळाच्या पाण्यावर संशय घेतला. पाणी बादलीत 24 तास ठेवू लागलो, अँटिक्लोरीनही टाकलं. फरक शून्य. दुकानदार म्हणाला, "नवीन जोडी न्या की!" ती नेली नाही, एवढंच शहाणपण.

मग अमोनिया तपासायचं किट आणलं. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते हिरवं झालं. काचेतून आरपार दिसणारं ते पाणी माशांना विष होतं. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया तयार होतो. स्पंजवर आणि वाळूवर राहणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि मी ती दर रविवारी क्लोरीनच्या पाण्याने धुऊन काढत होतो!

तिथून पुढे रोज फक्त पाव टाकी पाणी बदललं. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्याच पाण्यात, हलकेच. तिसऱ्या आठवड्यात अमोनिया उतरला, पण नायट्राइट इतकं चढलं की पुन्हा धीर सुटला. सहाव्या आठवड्यात दोन्ही शून्यावर आले.

गोल्डफिश घाण फार करतात आणि वाढतातही, त्यांना पन्नास-पंचावन्न लिटर पुरत नाही. ते दोघे तासगावला मामाच्या मळ्यातल्या हौदात गेले. टाकीत आता सहा गप्पी आहेत, आणि काठावरून मुळं सोडलेला मनीप्लांट. तो नायट्रेट खातो आणि फोफावतो. पाणी आठवड्याला पाव भाग बदलतो.

स्पंज मात्र तपकिरी, बुळबुळीत दिसतो. पाहुणे यायचे असले की आई हमखास विचारते, "तेवढा साबणानं धुऊन टाकू का?"